‘आता कुणी कुणाचं नसतं’ म्हणणाऱ्यांना सांगलीतून उत्तर

गेल्या दोन महिन्यांत एकच मजकूर मला सहा-सात व्हॉट्सॲप ग्रुपवर आला. आधी शाळेतल्या मैत्रिणींच्या ग्रुपवर, मग सासरच्या, मग गल्लीच्या. शेवटी गेल्या आठवड्यात माझ्या मावसबहिणीनं पाठवला आणि खाली लिहिलं, ‘अगदी खरं आहे.’ ती साताऱ्यात असते. तिच्या मिस्टरांची एमआयडीसीतली नोकरी दीड महिन्यापूर्वीच गेली आहे, हे मला त्यानंतर दोन दिवसांनी कळलं, तेही तिसऱ्याच माणसाकडून. त्या दोन दिवसांत आम्ही फोनवर बोललो होतो. मुलांच्या परीक्षेबद्दल, पावसाबद्दल बोललो. हे सोडून सगळं बोललो. म्हणून लिहायला बसले. तिला विचारून लिहिते आहे.

तो मजकूर असा आहे. ‘आयुष्यानं शिकवलेली पाच सत्यं. एक, पूर्वी माणसं माणसांसाठी होती, आता कुणी कुणाचं नसतं. दोन, आपलं दुःख कुणाला सांगू नका, निम्म्यांना त्याचं काही नसतं आणि उरलेल्यांना बरं वाटतं. तीन, मदत मागितली की किंमत गेली. चार, नात्यात पैसा आला की नातं संपलं. पाच, अडचणीला फक्त पैसा येतो, म्हणून माणसं नको, पैसा जोडा.’

मी पाचव्यापासून सुरू करते. त्याचं उत्तर आमच्या घरानं स्वतःच्या अंगावर अनुभवलं आहे.

‘अडचणीला फक्त पैसा येतो’

७ नोव्हेंबर २०१६, सोमवार. बाबांच्या छातीत रात्री दुखायला लागलं आणि दादानं शेजाऱ्याची गाडी काढून त्यांना मिरजेला आणलं. मिरज हे आमच्या भागाचं दवाखान्यांचं गाव. डॉ. वानलेस यांनी तिथं एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस मिशन हॉस्पिटल उभं केलं, तेव्हापासून कर्नाटकातून, कोकणातून पेशंट तिथं येतात. बाबांना तीन ठिकाणी ब्लॉकेज निघाले, बायपास करायचं ठरलं. मंगळवारी रात्री आठ वाजता पाचशे आणि हजाराच्या नोटा बंद झाल्याची घोषणा झाली.

बाबा द्राक्षवाले. तासगाव तालुक्यात दोन एकर बाग. फवारणीच्या औषधासाठी आणि बायकांच्या मजुरीसाठी त्यांनी घरात साठ हजार रुपये काढून ठेवले होते. सगळ्या नोटा पाचशेच्या आणि हजाराच्या. बुधवारी बँका बंद होत्या. एटीएम दोन दिवस बंद होती, आणि उघडल्यावर सुरुवातीला कार्डाला दिवसाला दोनच हजार मिळत. ऑपरेशनचा मोठा खर्च विम्यातून निघाला, त्याबद्दल तक्रार नाही. पण आयसीयूबाहेर बसलेल्या माणसाच्या चहाला, रिक्षाला, जेवणाला, गावाकडं आठवड्याच्या मजुरीला शंभराच्या नोटा लागत होत्या. पैसा होता, पण तो चालत नव्हता. त्या आठवड्यात माझ्या मामांनी गावातल्या किराणा दुकानातून, दूध डेअरीतून, देवळाच्या पुजाऱ्याकडून शंभर-पन्नासच्या नोटा गोळा करून पिशवीत आणल्या. पिशवीवर कुणाचे किती ते खडूनं लिहिलेलं होतं.

आता बागेचं सांगते. ऑक्टोबरची छाटणी होऊन पस्तीस-चाळीस दिवस झालेले, बाग फुलोऱ्यात. द्राक्षवाल्याला या दिवसांचं वेगळं सांगायला नको. धुकं पडलं आणि दोन फवारण्या चुकल्या की दावण्या रोग घड खाऊन टाकतो आणि वर्ष जातं. दादा दवाखान्यात अडकलेला. बागेला कोण बघणार? ज्यांच्याशी आमचं बांधावरून आठ वर्षं बोलणं बंद होतं, ते शेजारचे काका तिसऱ्या दिवशी पहाटे आपला फवारणीचा ब्लोअर घेऊन आमच्या बागेत शिरले. आईनं फोनवर कळवलं तेव्हा दादाचा विश्वास बसेना. त्यानं त्यांना फोन केला. ते एवढंच म्हणाले, “बांधाचं बांधावर. बाग कशाला मरू द्यायची?” एकोणीस दिवस बाबा दवाखान्यात होते. ते घरी येईपर्यंत काकांनी दोन्ही बागा फवारल्या.

आणि म्हैस. आमची म्हैस आईशिवाय कुणाच्या हाताला पान्हा सोडत नसे. आई मिरजेला आल्यावर पहिल्या दिवशी म्हशीनं चुलत काकूला लाथ मारली. दुसऱ्या दिवशी काकूनं आईचं धुवायला टाकलेलं पातळ नेसलं, डोक्यावरून पदर घेतला, आईसारखी हाक मारत गोठ्यात गेली आणि धार काढली. मग आई परत येईपर्यंत रोज तेच पातळ. काकू रात्री धुऊन वाळत टाकायची नाही, कारण धुतलं तर आईचा वास जाईल.

दवाखान्यातला डबा कुणाचा, याचं वेळापत्रक वहिनीनं दिनदर्शिकेच्या पाठकोऱ्या पानावर केलं होतं. ते पान आजही आईच्या कपाटाच्या दाराला आतून चिकटवलेलं आहे. ‘सोम सकाळ – विश्रामबागची मावशी. सोम रात्र – मी. मंगळ सकाळ – कुपवाडची आत्या, भाकरी नको, मऊ पोळी.’ शुक्रवारसमोर नुसतं ‘बँकेतल्या बाई’ असं लिहिलंय. त्या माझ्या शाळेच्या पगाराच्या बँकेतल्या. आमची ओळख खिडकीपुरती होती.

हे सगळं कुठल्या पॉलिसीत बसतं? विमा काढाच, आणि वेळेवर काढा. नसता तर आमची बाग गहाण पडली असती. पण विमा बिल भरतो. रात्री अडीचला सही करायला माणूस लागतो, रक्ताच्या बाटलीच्या बदल्यात हात पुढं करायला माणूस लागतो, आणि ‘बाबा बरे होतील’ असं आईला सांगायला लागतो.

‘पूर्वी माणसं होती, आता कुणी कुणाचं नसतं’

पूर्वी काय होतं ते आपल्या भाषेतच पडून आहे. ‘भाऊबंदकी’ या शब्दाचा अर्थ भावांचं प्रेम असा होत नाही, भांडण असा होतो. हा शब्द आपल्या आजोबा-पणजोबांनीच वापरात आणला. एकत्र घरात पंचवीस माणसं जेवत, हे खरं. त्या पंचवीस जणांचं रांधून शेवटी खरवड खाणारी सून कोण होती, नवरा गेल्यावर तिला अडगळीची खोली मिळाली की माहेरी धाडलं, हेही विचारायला पाहिजे. एकाच्या बागेसाठी दुसरा धावायचा, पण गावकुसाबाहेरच्या घरात मयत झालं तर कोण धावायचं?

चांगलंही खूप होतं. पैरा होता. आज तुमच्या रानात आम्ही, उद्या आमच्या रानात तुम्ही, आणि पैरा फेडला नाही तर चारचौघांत मान खाली. इर्जिक होती. सगळ्या गावाच्या बैलजोड्या एकाच्या रानात, आणि त्यानं सगळ्यांना जेवण घालायचं. पण ती नुसत्या चांगुलपणावर चालत नव्हती. मजुरीला पैसा नव्हता आणि पेरणीची वाफ दोन दिवसांत जायची, त्या गरजेवर चालत होती. गरज बदलली, रूप बदललं.

रूप बदललं म्हणजे संपलं का? समाजशास्त्रज्ञ आय. पी. देसाई यांनी गुजरातमधल्या महुवा गावातल्या कुटुंबांचा अभ्यास करून १९६४ साली हेच दाखवलं. चुली वेगळ्या झाल्या तरी मालमत्ता, लग्नकार्य, आजारपण यांत ही घरं एकमेकांशी बांधलेलीच राहतात. घर वेगळं झालं म्हणून कुटुंब मोडलं असं धरून चालणं चूक आहे. हे आमच्या जिल्ह्यांना कुणी शिकवायला नको. सातारा भागातली माणसं गिरणीत काम करायला मुंबईला गेली तेव्हा एका गावचे दहा-पंधरा जण एका खोलीत राहायचे. पाळीवरून आलेला झोपायचा, पाळीवर जाणारा वळकटी गुंडाळायचा. नवा पोरगा गावाहून आला की त्याच खोलीत उतरायचा. खानापूर-आटपाडीकडचे गलाईवाले बघा. विट्याच्या आसपासची माणसं देशभर सोनं-चांदी गाळायच्या धंद्यात आहेत. तामिळनाडूत कुठल्याशा पेठेत एक मामा असतो, तो भाच्याला नेतो, भट्टीचं काम शिकवतो, चार-पाच वर्षांनी भाचा दुसऱ्या शहरात स्वतःचं दुकान टाकतो आणि आपल्या मेव्हण्याला बोलावतो. ना जाहिरात, ना संस्था. एवढा पसारा नात्यावर उभा आहे.

आणि २०१९ चा महापूर विसरलो का आपण? ऑगस्टमध्ये सांगलीत आयर्विन पुलाजवळ कृष्णेचं पाणी ५७ फुटांवर गेलं. धोक्याची पातळी ४५ फूट आहे, म्हणजे किती वर ते बघा. आमचं गावभागातलं तळमजल्याचं घर छतापर्यंत बुडालं. अकरा दिवस आम्ही कुपवाडला माझ्या एका माजी विद्यार्थिनीच्या घरी राहिलो. तिची आई आणि मी त्याआधी फक्त पालकसभेत भेटलो होतो. पाणी ओसरल्यावर घरात मांडीएवढा चिखल होता, वास असा की उभं राहवेना. मैत्रिणीच्या नवऱ्यानं आपल्या गॅरेजमधला गाड्या धुवायचा प्रेशरचा पंप टेंपोत टाकून आणला आणि दोन दिवस आमच्या आळीतली सात घरं धुतली. त्या दोन दिवसांत त्याचं गॅरेज बंद होतं. विट्याकडून आईच्या माहेरचे ट्रॅक्टर घेऊन आले, पिण्याच्या पाण्याचे कॅन आणि दोनशे भाकऱ्या घेऊन. गाव करील ते राव काय करील, ही म्हण मी मुलांना वीस वर्षं शिकवत होते. तिचा अर्थ त्या चिखलात उभी असताना लागला.

एक गोष्ट मात्र मजकूर लिहिणाऱ्याच्या बाजूनं मान्य केली पाहिजे. नात्यातली माणसं खरंच कमी होत चालली आहेत. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९ ते २०२१ च्या पाहणीत महाराष्ट्रात एका बाईमागं सरासरी १.७ मुलं निघाली. आमच्या आईला चार बहिणी, मला एक भाऊ, माझ्या मुलीला कुणी नाही. तिच्या मुलांना सख्खी मावशी नसणार, सख्खा मामा नसणार. अर्धे जण पुण्याला, काही परदेशात. पण यावरून निघतो तो निष्कर्ष उलटा आहे. नात्यातली माणसं कमी झाली म्हणून मैत्रीतली, शेजारची, कामावरची माणसं जास्त जपावी लागतील. ‘माणसं नको’ हा सल्ला नेमका चुकीच्या पिढीला दिला जातोय.

‘दुःख कुणाला सांगू नका’

पाचांत मला याची सगळ्यात भीती वाटते.

आपल्याकडं मयत झालं की कुणी म्हणत नाही, सांगू नका. उलट पहिलं काम सांगण्याचं. पहाटे तीनला फोन करतात आणि कुणी रागवत नाही. घरात चूल पेटत नाही, म्हणून भाऊबंदांच्या, शेजारच्या घरातून पिठलं-भाकरी येते. कडू घास म्हणतात त्याला. जेवण जात नाही तरी घास घ्यायला लावतात. मग तिसरा दिवस, दहावा, कोण कधी भेटायला येणार, काय घेऊन येणार, किती वेळ बसणार, सगळं ठरलेलं. काय बोलावं कळत नसेल तर गप्प बसलं तरी चालतं. आलेल्यानं नुसतं येऊन बसणं हीच मदत असते, आणि त्याची कुणाला लाज वाटत नाही.

नोकरी गेली तर अशी रीत नाही. मूल पोटातच गेलं, मुलीचा घटस्फोट झाला, मुलगा नापास झाला, नवरा दारूत बुडाला, मन खचलं, यातल्या कशालाच रीत नाही. दुःख तेवढंच असतं. कधी जास्तही. पण कुणी फोन करत नाही, कुणी पिठलं आणत नाही, कारण कुणाला कळलेलंच नसतं. आणि कळलं तरी काय करायचं हे माहीत नसतं, म्हणून लोक टाळतात. अशा घरातल्या माणसाला वाटतं, बघा, कुणी आलं नाही. माझी मावसबहीण दीड महिना हेच म्हणत होती. तिच्याकडं कुणी आलं नाही हे खरं आहे. पण तिनं कुणाला सांगितलं नव्हतं, हेही खरं आहे.

हा मजकूर स्वतःलाच खरा करतो, ते असं. वाचणारा गप्प बसतो. गप्प बसला म्हणून कुणी येत नाही. कुणी आलं नाही म्हणून तो मजकूर पुढं पाठवतो.

गप्प बसण्याची किंमत नुसती मनाची नसते. अमेरिकेतल्या ज्युलियन होल्ट-लुनस्टॅड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१० साली १४८ अभ्यास एकत्र तपासले. त्यांत मिळून तीन लाखांहून जास्त माणसं होती. ज्यांची नाती भक्कम होती त्यांची अभ्यासाच्या काळात जिवंत राहण्याची शक्यता बाकीच्यांपेक्षा सुमारे ५० टक्क्यांनी जास्त निघाली. हे अभ्यास बहुतेक युरोप-अमेरिकेतले आहेत. पण माणसाचं काळीज तिथलं आणि इथलं वेगळं असेल असं मला वाटत नाही. बाबांच्या डॉक्टरांनी डिस्चार्जच्या दिवशी गोळ्यांची यादी दिली आणि शेवटी म्हणाले, “यांना पारावर जाऊन बसू दे रोज.” तेव्हा आम्हाला ते बोलण्याच्या ओघात आल्यासारखं वाटलं. बाबा नऊ वर्षं झाली, रोज जातात.

काही जण ऐकून घेतात आणि गावभर करतात, हे मला माहीत आहे. माझ्याही बाबतीत झालंय. एका नातेवाईक बाईंना विश्वासानं सांगितलेली गोष्ट दुसऱ्या दिवशी हळदीकुंकवात निघाली, महिनाभर मला घराबाहेर पडावंसं वाटलं नाही. त्यातून मी सांगणं बंद केलं नाही, माणूस बदलला. जी बाई तुमच्यासमोर दुसऱ्यांच्या गोष्टी सांगते, ती तुमच्याही सांगणार. जी तुमची एखादी लहानशी गोष्ट सहा महिन्यांनी तुम्हालाच हळूच विचारते, ‘त्याचं पुढं काय झालं गं?’, तिच्याकडं मोठी घेऊन जा. अशी दोन माणसं असली तरी पुरतात. आणि ज्याला आज असं एकही माणूस दिसत नाही, रात्र निघत नाही, त्यानं १४४१६ हा टेलिमानस या मनाच्या त्रासासाठीच्या हेल्पलाइनचा नंबर लावावा. सरकारी आहे, फुकट आहे, २०२२ पासून चालू आहे, मराठीत बोलता येतं. तिथं बोलून उद्याचा दिवस गाठा, मग माणूस शोधू.

‘मदत मागितली की किंमत गेली’

कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९२४ साली साताऱ्यात बोर्डिंग काढलं, सगळ्या जातींची पोरं एका पंगतीत बसवली. त्या पोरांच्या पोटासाठी ते गावोगाव फिरले, लोकांकडं धान्य मागितलं. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी दागिने दिले, शेवटी मंगळसूत्रसुद्धा. त्यांची किंमत गेली? आज साताऱ्यात कुणालाही विचारा.

कुणी म्हणेल, ते समाजासाठी मागत होते, स्वतःसाठी मागणं वेगळं. बरं, स्वतःसाठीचं बघू. फ्रँक फ्लिन आणि व्हेनेसा लेक यांनी २००८ साली अमेरिकेत एक साधा प्रयोग प्रसिद्ध केला. विद्यार्थ्यांना सांगितलं, अनोळखी लोकांकडून पाच प्रश्नावल्या भरून आणा. आधी अंदाज करा, त्यासाठी किती जणांना विचारावं लागेल? त्यांनी सरासरी वीसच्या आसपास आकडा सांगितला. प्रत्यक्षात दहाएक जणांना विचारून काम झालं. किती जणांना विचारावं लागेल याचा अंदाज मागणारा जवळपास दुप्पट करतो. कारण तो समोरच्याला किती त्रास पडेल एवढंच मोजतो. ‘नाही’ म्हणणं समोरच्यालाही किती जड जातं, हे त्याच्या हिशोबात येत नाही.

मागण्याची पद्धत मात्र आपण शिकायला हवी, आणि यात मी स्वतः पुष्कळ चुकले आहे. ‘काही लागलं तर सांग हं’ आणि ‘हो हो, सांगते’ ही दोन वाक्यं आपण दारात उभं राहून म्हणतो आणि दोघीही मोकळ्या होतो. त्यातून काहीच होत नाही. वहिनीचं ते पान चाललं कारण त्यात वार होता, वेळ होती, भाकरी की पोळी ते होतं. ‘गुरुवारी दुपारी दोन ते पाच आईजवळ बसशील का?’ याला हो म्हणता येतं, नाहीही म्हणता येतं, आणि नाही म्हटलं तरी नातं तुटत नाही. देणाऱ्यानंही असंच करावं. ‘सांग’ म्हणू नये. ‘उद्या बाजारात चालले आहे, तुझी भाजी आणते’ म्हणावं. २००० सालच्या एका अभ्यासात नियाल बोल्जर आणि सहकाऱ्यांनी वकिलीच्या मोठ्या परीक्षेची तयारी करणाऱ्यांची आणि त्यांच्या जोडीदारांची रोजनिशी तपासली. जी मदत घेणाऱ्याच्या लक्षातही आली नाही, तिनं सगळ्यात जास्त दिलासा दिला. काकूनं पातळाची गोष्ट आईला दोन वर्षं सांगितली नव्हती.

इथं एक बोलायलाच हवं. वहिनीच्या त्या पानावर एकोणीस दिवसांत एकाही पुरुषाचं नाव नाही. मावशी, आत्या, काकू, मी, वहिनी, बँकेतल्या बाई. पुरुषांनी गाडी काढली, रक्त दिलं, बाग फवारली, ते मोलाचं आहे. पण रोजचा डबा, रोजची चौकशी, आजारी माणसाचं अंग पुसणं, हे बायकांनी करायचं असं आपण न बोलता ठरवून टाकलंय. आधार टिकवायचा असेल तर तो अर्ध्या माणसांच्या कंबरेवर टिकणार नाही. माझ्या नवऱ्याला पोळ्या येत नाहीत, पण खिचडी येते. २०२१ च्या पुरात आमच्याकडं मुक्कामाला आलेल्या दोन घरांना चार दिवस त्यानंच खिचडी घातली.

‘नात्यात पैसा आला की नातं संपलं’

यावर थोडक्यात. नात्यात पैसा नेहमीच होता. आईकडं माझ्या लग्नाची आहेराची वही आहे, कुणी एकावन्न दिले, कुणी पातेलं, ते बघूनच ती त्यांच्या घरी आहेर करते. हातउसनं घेतल्याशिवाय आमच्या भागात कुणाची बाग उभी राहिली नाही. मामांच्या त्या पिशवीतल्या सगळ्या नोटा डिसेंबरअखेर फिरल्या, कारण खडूनं लिहिलेलं होतं. नातं मोडतं ते न बोललेल्या पैशानं. किती, कधी परत, नाही जमलं तर काय, हे तोंडावर बोला, डायरीत दोघांनी सही करा, आणि बुडाले तर सोसेल एवढेच द्या.

जामिनाचं मात्र वेगळं. पतसंस्थेत, बँकेत भावासाठी नुसती सही करताना लोक म्हणतात, पैसे थोडेच द्यायचेत? भारतीय करार कायदा १८७२ च्या कलम १२८ प्रमाणं, करारात वेगळं ठरलेलं नसेल तर जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराइतकीच असते. कर्जदारानं नाही भरलं तर वसुली तुमच्याकडं येते. तिथं ‘नाही’ म्हणा, आणि नाही म्हणताना चहा घेऊनच उठा.

मावसबहिणीला मी त्याच संध्याकाळी फोन केला. आधी ती चिडली. “तुला कुणी सांगितलं?” मग रडली. मग म्हणाली, “ताई, लोक काय म्हणतील याचीच भीती गं.” मी दाजींचा बायोडाटा मागवला. सख्ख्यांना नाही, लांबच्यांना पाठवला. १९७३ साली मार्क ग्रॅनोव्हेटर या समाजशास्त्रज्ञानं दाखवलंय की ओळखीतून नोकरी मिळालेल्या बऱ्याच जणांना ती खबर अधूनमधून भेटणाऱ्या माणसाकडून मिळाली होती. जवळच्यांना जे माहीत असतं ते आपल्यालाही माहीत असतं, लांबचा माणूस वेगळ्या जागी उभा असतो. मी पाच जणांना पाठवला. त्यातले एक, एका माजी विद्यार्थ्याचे वडील, कुपवाड एमआयडीसीत मेंटेनन्सला आहेत. त्यांनी दुसऱ्या दिवशी फोन केला. मंगळवारी दाजींना मुलाखतीला बोलावलंय. होईल, न होईल. मुक्काम आमच्याकडंच आहे.

फोन ठेवताना ती म्हणाली, “तुला त्रास होणार.” मी म्हटलं, मलाही तुझ्याकडं काम आहे. पोरीला गॅदरिंगला शिवलेली नऊवारी पाहिजे आणि सांगलीत मला कुणाचं शिवण पटत नाही. ती क्षणभर गप्प झाली.

“माप पाठव,” म्हणाली. “काठ किती इंचाचा ठेवू?”